केसरबाईंचा सूर आणि सुईचे टोक

सूरश्री केसरबाई केरकर यांचे १६ सप्टेंबर १९७७ रोजी निधन झाले. त्याआधी अकरा दिवस, ५ सप्टेंबरला, 'व्हॉयेजर १' हे अमेरिकी अवकाशयान अमेरिकेच्या भूमीवरून झेपावले होते. त्याचे जोडयान 'व्हॉयेजर २' तर २० ऑगस्टलाच निघून गेले होते. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली, तांब्याची, बारा इंची एकेक तबकडी बसविलेली आहे. पृथ्वीवरील नाद, ५५ भाषांतील अभिवादने (त्यात मराठीही आहे), शंभरावर चित्रे आणि २७ संगीतरचना तिच्यात कोरलेल्या आहेत. त्या २७ रचनांत भारताची एकच आहे आणि ती केसरबाईंची भैरवी आहे : 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची.

ही हकिगत आता अनेकांना ठाऊक असते. तिच्यातील एका तपशिलाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. तबकडीसोबत शास्त्रज्ञांनी एक कार्ट्रिज आणि एक सुई पाठविली. ती तबकडीवर कशी टेकवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, याची आकृती ॲल्युमिनियमच्या झाकणावर कोरली. एक फेरा ३.६ सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे. ॲम्प्लिफायर पाठविला नाही, स्पीकर पाठविले नाहीत. ज्या कुणाच्या हाती ती तबकडी पडेल, तो ध्वनी मोठा करण्याची सोय स्वतः करील. पण खाचेतून सूर उचलणारे टोक आणि फिरण्याची गती यांत चूक झाली तर पुढचे काहीच उपयोगाचे नाही, असा त्यामागचा हिशेब असावा.

घरातल्या ध्वनियंत्रणेत सुधारणा करू पाहणाऱ्याला यापेक्षा नेमका सल्ला क्वचितच मिळेल. गेल्या काही वर्षांत शहरांतून तबकड्यांचा शौक पुन्हा बळावला आहे. गावच्या घराच्या माळ्यावरून आजोबांची पेटी उतरवली जाते, चोरबाजारातून दोन-चार तबकड्या आणल्या जातात, नवे टर्नटेबल येते आणि मग प्रश्न उभा राहतो, की हाती असलेले पैसे आता नेमके कशावर खर्च करावेत. बहुतेक जण मोठ्या स्पीकरपासून आरंभ करतात. केसरबाईंचे गाणे ऐकायचे असेल तर तो आरंभ उलट्या टोकाकडून होतो. असे का, ते त्यांचे चरित्र पाहिल्याखेरीज कळत नाही. कारण या बाईंनी आपले गाणे यंत्राच्या स्वाधीन करताना इतका हात आखडता घेतला, की आज आपल्यापाशी त्याचे उरले आहेत ते मोजके तुकडे. त्यांतले जे खाचेत आहे ते सारे वर काढता आले पाहिजे.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता आणि देवळांच्या सेवेशी जोडलेल्या कलावंत समाजात गाणे हे जन्माबरोबर येत असे. प्रतिष्ठा मात्र येत नसे. ती मिळवण्यासाठी गाव सोडावे लागे. आठव्या वर्षी केसरबाईंना कोल्हापूरला नेण्यात आले. तेथे अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली, पण ती सुमारे आठ महिनेच. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिक्षण झाले; बुवा डिचोलीजवळच्या लामगावी मुक्कामास येत, तेव्हा धडे मिळत. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आई व मामांसमवेत त्या मुंबईस आल्या. शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांचे साहाय्य लाभले. पतियाळा दरबारचे सतारिये बरकतुल्ला खाँ, मग भास्करबुवा बखले, असे गुरू होत गेले आणि काही ना काही कारणाने तालीम खंडित होत राहिली. विशीतल्या गायिकेने एवढे गुरू पाहिलेले असावेत आणि तरी गाण्याला एक घर मिळालेले नसावे, ही स्थिती तेव्हाच्या स्त्री-कलावंतांच्या वाट्याला वारंवार येत असे. गुरू दरबारांच्या आणि मैफलींच्या निमित्ताने फिरते होते आणि शिष्येला त्यांच्यामागे फिरण्याची मुभा नव्हती.

ते घर १९२१ मध्ये मिळाले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूर दरबारचे गायक उस्ताद अल्लादिया खाँ यांनी केसरबाईंना गंडा बांधला. खाँसाहेब तेव्हा पासष्टी ओलांडलेले होते आणि सहजासहजी राजी झाले नव्हते. त्यांच्या अटी कडक होत्या. तिशीच्या उंबरठ्यावर, नावारूपाला येऊ लागलेल्या गायिकेने पुन्हा षड्जापासून सुरुवात करायची होती. केसरबाईंनी ती केली. पुढची वर्षे रोज तासन् तास चालणाऱ्या रियाजात गेली आणि १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत हे नाते टिकले.

जयपूर गायकी ऐकायला सोपी नाही. तीत लय फार विलंबित नसते, पण तालाच्या प्रत्येक मात्रेशी स्वर बांधलेला असतो. जोडरागांची आवड असते. तान सरळ वर जाऊन सरळ खाली येत नाही. ती वळसे घेत, मधूनच मागे फिरत, समेवर उतरते. केसरबाईंनी या गायकीला जो आवाज दिला तो रुंद, भरीव, तिन्ही सप्तकांत एकाच वजनाचा होता. आकार खुला होता. ध्वनिक्षेपकाविना मोठे दालन भरून टाकणारा गळा म्हणून त्यांची ख्याती होती. दमसास असा, की लांबलचक तानेचे शेवटचे टोकही पहिल्या स्वराइतकेच पुष्ट राही. नेमकी हीच गोष्ट, तानेचे शेवटचे टोक, तबकडीवर सर्वांत आधी खराब होते.

त्यांच्या तबकड्या 'हिज मास्टर्स व्हॉइस' आणि 'ब्रॉडकास्ट' या छापांवर निघाल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ती लाखेची तबकडी. दहा इंची असेल तर एका बाजूस जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटे. मैफलीत तासभर चालणारा राग एवढ्यात बसवायचा. नट कामोद, ललिता-गौरी, कुकुभ बिलावल, मालकंस अशा रागांची त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकली की जाणवते, की त्यांनी राग कापला नाही, आटवला. दोन आवर्तनांत बंदिशीचा मुखडा प्रस्थापित होतो, रागाचे अंग दिसते, आणि शेवटच्या मिनिटात तानांचा ओघ सुरू होतो. तबकडी संपते तेव्हा तान ऐन भरात असते.

आता खाचेचा हिशेब पाहू. तबकडी बाहेरून आत वाजते आणि फेऱ्यांची गती कायम राहते. पण आतल्या खाचेचा घेर लहान असल्याने सुईखालून दर सेकंदाला जाणारी खाचेची लांबी कमी होत जाते. दहा इंची ७८ च्या तबकडीवर आरंभी सेकंदाला सुमारे शंभर सेंटिमीटर खाच सुईखालून सरकते. शेवटाकडे हेच प्रमाण चाळीसच्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच ध्वनीसाठी निम्म्याहून कमी जागा. त्यात जुन्या ग्रामोफोनची पोलादी सुई तबकडी वाजता वाजताच झिजे. म्हणून तर दर बाजूला नवी सुई घालण्याचा दंडक होता. काटकसरी घरांतून तो पाळला जात नसे. बोथट झालेली सुई, शंभर ग्रॅमहून अधिक वजनाची ध्वनिपेटी आणि सर्वांत दाट लिहिलेली खाच, हे तिन्ही एकत्र येत ते शेवटच्या मिनिटात. केसरबाईंच्या तानेवर. चोरबाजारातून आणलेली त्यांची तबकडी आरंभी स्वच्छ आणि शेवटी खरखरीत वाटते ती यामुळे. दोष गळ्याचा नाही, आणि सहसा आपल्या स्पीकरचाही नाही.

अशा वेळी नवे स्पीकर आणले तर ती खरखर अधिक स्पष्ट ऐकू येईल, इतकेच. पहिला खर्च सुईवर करावा. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते; तिला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते. एलपीची खाच अरुंद. तिच्या सुईचे टोक २५ मायक्रॉन वा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८ वर टेकवली की ती खाचेच्या भिंतींना न चिकटता तळाशी लोळते आणि तेथील धूळ व कचकच उचलते. उलट ७८ ची सुई एलपीवर चालविणे म्हणजे तबकडीचा घात. पुष्कळ कार्ट्रिजमध्ये सुईचा भाग ओढून काढता येतो आणि दोन्ही प्रकारच्या सुया आलटून पालटून लावता येतात. कार्ट्रिज घेताना हा एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा. ध्वनिसंग्रहालयांतील जाणकार याहून पुढे जातात : एकाच झिजलेल्या तबकडीसाठी थोड्या कमी-अधिक जाडीची टोके लावून पाहतात. जुन्या पोलादी सुईने भिंतीचा जो पट्टा घासून टाकला, त्याच्या वर वा खाली अजून शाबूत पट्टा असतो. योग्य जाडीचे टोक नेमके तेथे टेकते. मग जी तान विरून गेली असे वाटत होते ती निम्मी-अधिक परत येते.

केसरबाईंच्या गायनाचे पुढे एलपीवर संकलन निघाले आणि अनेक घरांत असते ते तेच. तेथे खाचेचा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. एलपीवर बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच मिळते, आत वीस-बावीस. म्हणून बाजूच्या अखेरच्या रचनांसाठी साध्या गोल टोकापेक्षा लंबगोल टोकाची सुई उजवी ठरते. खाचेतली बारीक वळणे तिला अधिक नेमकी गवसतात. हिऱ्याची सुईसुद्धा अमर नसते. काही शे तास वाजवल्यावर, फार तर हजार तासांच्या आत, ती बदलावीच. सुई किती वाजली याची नोंद कोणी ठेवत नाही. ठेवावी.

सुईनंतर गती. ताट एकसारखे पण किंचित जलद फिरले तर सगळे स्वर एकत्रच वर सरकतात. राग बिघडत नाही, परंतु आवाजाचा पोत पातळ होतो, आणि केसरबाईंच्या बाबतीत पोत हेच तर वैभव. सव्वा टक्का फरक म्हणजे एक प्रमाणश्रुती, हे ध्यानात घेतले म्हणजे गतीची चूक किती लवकर कानाला लागावी ते कळते. ताट हेलकावे घेत फिरत असेल, रबरी पट्टा सैल झाला असेल, तर प्रकरण अधिक वाईट : लांब ठेवलेला षड्ज थरथरतो. पट्टा बदलण्याचा खर्च नगण्य असतो आणि त्याने होणारा लाभ पुष्कळदा नव्या ॲम्प्लिफायरपेक्षा मोठा. गती तपासण्यासाठी ठिपक्यांची चकती मिळते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेच्या दिव्याखाली ३३⅓ साठी १८० आणि ७८ साठी ७७ रेघा स्थिर दिसल्या पाहिजेत. एलईडी दिव्याखाली त्या दिसतीलच असे नाही, जुना पिवळा दिवा लावावा. नव्या टर्नटेबलांपैकी अनेकांत ७८ ची गतीच नसते, हेही खरेदीआधी पाहून घेतलेले बरे.

राहिला फोनो प्रीॲम्प. सुईतून येणारा विद्युतप्रवाह अवघा काही मिलिव्होल्टचा. तो शंभरपट वाढवणे आणि खाच कोरताना दाबलेला खर्ज व चढवलेला तार पूर्ववत करणे, ही त्याची दोन कामे. हे पूर्ववत करण्याचे प्रमाण जगभर एकसारखे झाले ते १९५४ नंतर. त्याआधीच्या तबकड्या निरनिराळ्या प्रमाणांनी कोरलेल्या आहेत, त्यामुळे आजच्या प्रीॲम्पवर त्या थोड्या दबलेल्या वाटतात. खर्ज-तार यांच्या साध्या खुंट्या हाती असतील तर हे बरेचसे सावरते. या खुंट्या नको म्हणणारे शौकीन असतात. त्यांच्याकडे बहुधा १९५४ पूर्वीचे काही नसावे. आणखी एक : या तबकड्या एककर्णी आहेत. यंत्रावर 'मोनो'चे बटन असेल तर ते दाबताच खाचेच्या खाली-वर होणाऱ्या हालचालीतून आलेला गोंगाट वजा होतो. हे बटन असलेला जुना ॲम्प्लिफायर घरात असेल तर तो मोडीत काढू नये.

एवढे झाल्यावर स्पीकर. केसरबाईंच्या आवाजासाठी खोली हादरवणारा खर्ज नको. मधला पट्टा स्वच्छ असला की झाले, आणि तो लहान, जुन्या स्पीकरमध्येही सापडतो.

तबकड्यांविषयी त्यांच्या मनात अढी होती, हे त्या काळच्या संगीतवर्तुळात सर्वज्ञात होते. आपली गायकी कुणीही घरबसल्या उचलील आणि तिची नक्कल करील, ही त्यांना धास्ती असे. वर्षानुवर्षे गुरूसमोर बसून, अटी मान्य करून, आयुष्याचा ऐन काळ खर्चून जे मिळवले ते दोन-अडीच रुपयांच्या लाखेत का द्यावे, असा तो रोखठोक विचार होता. त्याला अहंकार म्हणणे सोपे आहे. ज्या समाजातल्या स्त्रीला गाण्यावाचून दुसरी मालमत्ता नव्हती, तिने ती मालमत्ता जपून वापरली, असेही म्हणता येते, आणि प्रस्तुत लेखकाला हेच अधिक पटते. त्याची किंमत मात्र पुढच्या पिढ्यांनी मोजली. खासगी मैफलींतील काही ध्वनिफिती पुढे उजेडात आल्या, पण ऐन बहराच्या काळातील तासभराचा ख्याल उत्तम ध्वनिमुद्रणात ऐकायला मिळावा, ही इच्छा अपुरीच राहते. अल्लादिया खाँसाहेबांच्याच शिष्या मोगूबाई कुर्डीकर यांच्या गाण्याशी त्यांची तुलना होत असे, दोघींचे चाहते हिरिरीने वाद घालत. आज तो वाद सोडवायचा तरी मोजक्या तबकड्यांच्या आधाराने.

मान त्यांना भरभरून मिळाला. १९३८ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी त्यांचे गाणे ऐकून त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. १९४८ मध्ये कोलकात्यात 'सूरश्री' ही पदवी मिळाली आणि ती नावाला अशी जडली की पुढे नावाचाच भाग झाली. १९५३ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाकडून राज्यगायिकेचा सन्मान. मधल्या काळात त्यांनी आणखी एक कठीण निर्णय घेतला होता. १९६३-६४ च्या सुमारास, गळा साथ देत असतानाच, त्या जाहीर मैफलींतून निवृत्त झाल्या. उतरता आवाज लोकांच्या कानी पडू नये, हे त्यांच्या एकूण स्वभावाला धरूनच होते.

१९७७ मध्ये कार्ल सेगन आणि त्यांचे सहकारी अवकाशयानासाठी संगीत निवडत होते, तेव्हा भारतीय संगीतासाठी ही भैरवी सुचवली ती संगीताचे अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी. सुचवणे सोपे होते, तबकडी मिळेना. ती बाजारातून नाहीशी झालेली होती. निवड-गटातील ॲन ड्रुयन यांनी न्यूयॉर्कमध्ये शोध घेतला आणि लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरील, एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. आकाशगंगेत जायचा सूर खोक्यात धूळ खात पडला होता! सांगायचे ते हे, की न उघडलेली प्रत सापडली. कुणा बोथट सुईने घासलेली नव्हे. २०१२ मध्ये 'व्हॉयेजर १' सूर्याच्या प्रभावकक्षेबाहेर पडले, २०१८ मध्ये 'व्हॉयेजर २'. पोकळीत ना बुरशी आहे ना दमट हवा. ती तबकडी सुमारे शंभर कोटी वर्षे शाबूत राहावी असा अंदाज बांधलेला आहे.

आपल्या घरच्या तबकडीला ती चैन नाही. कोकणात तर नाहीच. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना सावित्रीच्या खाडीकाठी दासगाव लागते. तेथील काय, महाड-पोलादपूरच्या कोणत्याही घरातील काय, माळ्यावरच्या पेटीने पावसाळ्यातील चार महिने भिजलेल्या हवेत काढलेले असतात. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घराघरांत पाणी शिरले तेव्हा कागद आणि पुठ्ठा आधी गेला. लाखेच्या तबकडीवर चढलेली पांढरी बुरशी खाचेत शिरते आणि सुई तिला हिऱ्याच्या टोकाने आणखी आत दाबते. म्हणून गावाहून आणलेली तबकडी आल्याबरोबर वाजवू नये. कोमट पाण्यात साध्या सौम्य साबणाचा थेंब टाकून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने पुसून घ्यावी, लेबल भिजू देऊ नये, लगेच सुकवावी. स्पिरिट एलपीला चालेल एक वेळ. लाखेला अजिबात नाही, लाख त्यात विरघळते. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. लाख वजनाखाली तडकते आणि एलपी उन्हाने वाकते. यासाठी जे दोन-चारशे रुपये लागतील ते कोणत्याही यंत्रावरील खर्चाच्या आधी करावेत.

केसरबाईंनी शिष्य म्हणून जवळपास कुणाला स्वीकारले नाही. अपवाद धोंडूताई कुलकर्णी यांचा. २०१४ मध्ये त्या निवर्तल्या. धोंडूताईंकडे बाईंची तालीम समोरासमोर बसून आली, आणि ज्या गोष्टी साडेतीन मिनिटांत मावल्या नव्हत्या त्या त्यांच्या गळ्यातून थोड्याफार पुढे गेल्या. केरी गावात आज केसरबाईंच्या नावाची शाळा आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ गोव्यात संगीत समारोह भरत आला आहे.

नवे टर्नटेबल आणलेल्या घरात केसरबाईंची भैरवी लावायची असेल, तर सुई बदलल्यानंतर तबकडीची शेवटची तीस सेकंदे आधी ऐकावीत. तान स्वच्छ आली तर उरलेले पैसे खिशात राहू द्यावेत, किंवा आणखी एक तबकडी शोधावी.